लिनक्सवर गोडॉट इंजिन: बसवणं, चालवणं आणि अडलं तर कुठे बघायचं

गोडॉट या गेम बनवण्याच्या इंजिनाला लिनक्सवर इन्स्टॉलर लागत नाही. एक झिप उतरवायची, उघडली की एकच फाइल निघते, ती चालवायची. तरीही काळी खिडकी येऊन बंद होणं, प्रोजेक्ट उघडताच एडिटर गायब होणं, साधा घनही अडखळत फिरणं या तक्रारी रोज दिसतात. अशा वेळी बरेच जण इंजिन पुसून पुन्हा बसवतात आणि तीच अडचण पुन्हा समोर येते. कारण बिघाड सहसा इंजिनात नसतोच. तो त्याच्या खालच्या थरात असतो: ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, फाइलच्या परवानगीत, नाहीतर फ्लॅटपॅकच्या (प्रोग्रॅम बाकीच्या सिस्टमपासून वेगळा ठेवणाऱ्या पॅकेजच्या) कुंपणात. तो कुठे आहे हे गोडॉट टर्मिनलमध्ये बहुतेक वेळा स्पष्ट सांगतो. म्हणून सुरुवातीपासूनच एडिटर टर्मिनलमधून चालवायची आणि पहिल्या काही ओळी वाचायची सवय लावा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी हे इंजिन घडवलं आणि 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. मार्च 2023 मध्ये आलेल्या 4.0 पासून त्याचा चित्र काढण्याचा भाग व्हल्कनवर (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याचं नवं तंत्र) आला. लिनक्सवरच्या बऱ्याच कटकटींचं मूळ इथेच आहे, कारण जुन्या 3 मालिकेला ओपनजीएल हे आधीचं तंत्र पुरत असे. हा लेख 4 मालिकेसाठी आहे.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टाइप करायच्या. डॅश, बिंदू, तिरकी रेघ ही चिन्हं दिली आहेत तशीच. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

उतरवण्याआधी मशीन ओळखा

पहिली आज्ञा:

यूनेम -एम

उत्तरात एक्स86_64 आलं तर नेहमीची 64 बिट आवृत्ती घ्यायची. एआर्च64 आलं तर एआरएम64 ची. मेमरी किमान 4 जीबी हवी, 8 असेल तर काम सुखाचं होतं.

मग ग्राफिक्स कार्ड:

एलएसपीसीआय -के

लांबलचक यादी येते. त्यात व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा आणि तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ पुढे काय आहे ते पाहा. इंटेलसाठी आय915 किंवा एक्सई, एएमडीसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियाच्या मालकीच्या ड्रायव्हरसाठी एनव्हिडिया असं दिसेल. तिथे नूव्हो दिसलं तर एनव्हिडिया कार्डावर मुक्त ड्रायव्हर चालू आहे.

आता व्हल्कन. उबुंटू, मिंट, डेबियनवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स व्हल्कन-टूल्स

फेडोरावर हीच दोन नावं ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल’ पुढे द्या. आर्चवर इंटेलसाठी व्हल्कन-इंटेल आणि एएमडीसाठी व्हल्कन-रेडिऑन अशी वेगळी पॅकेजं आहेत, सोबत व्हल्कन-टूल्स. मग:

व्हल्कनइन्फो --समरी

इथे कार्डाचं नाव, व्हल्कनची आवृत्ती आणि ड्रायव्हरचं नाव मिळतं. यादीत फक्त एलएलव्हीएमपाइप असेल तर गोडॉट उतरवण्याची घाई करू नका. एलएलव्हीएमपाइप म्हणजे चित्र काढण्याचं काम प्रोसेसर करतो आहे, कार्ड नुसतं बसून आहे. एडिटर उघडेल, पण हलवताना जीव जाईल. खऱ्या कार्डाच्या जोडीला एलएलव्हीएमपाइपही यादीत असेल तर काही बिघडलेलं नाही, तो राखीव म्हणून असतो.

इंटेलच्या एकात्म ग्राफिक्सबाबत ठोकताळा असा. पाचव्या पिढीपासून, म्हणजे एचडी 5500 आणि पुढे, व्हल्कन वापरण्याजोगं आहे. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीवर मेसा (लिनक्सच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) स्वतःच ‘व्हल्कन सपोर्ट इज इन्कम्प्लीट’ अशी सूचना छापतो. ती खरी आहे. या मशीनवर व्हल्कनचा हट्ट धरू नये, कम्पॅटिबिलिटी रेंडरर (गोडॉटची ओपनजीएलवर चित्र काढण्याची साधी पद्धत) वापरावा. टूडी गेमसाठी आणि साध्या थ्रीडीसाठी तो उत्तम चालतो.

एएमडीच्या एचडी 7000 मालिकेत आणि त्याच काळातल्या काही आर9 200 कार्डांत एक खास अडचण आहे. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ही कार्डं रेडिऑन या जुन्या कर्नल ड्रायव्हरवर चालतात आणि त्यावर व्हल्कन मिळतच नाही. कार्ड सक्षम आहे, ड्रायव्हर चुकीचा आहे. ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्रॅम) कर्नल ओळीत रेडिऑन.एसआय_सपोर्ट=0 आणि एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=1 घालून, ग्रब अद्ययावत करून मशीन पुन्हा सुरू करा. कार्ड सी आयलंड्स कुळातलं असेल तर एसआयच्या जागी सीआयके.

एनव्हिडियासाठी उबुंटूवर आधी ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ म्हणून शिफारस पाहा, मग ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. फेडोरावर आरपीएम फ्यूजन हे पॅकेजांचं भांडार जोडून एकेमॉड-एनव्हिडिया बसवा. बसवल्या बसवल्या मशीन बंद करू नका. कर्नल मॉड्यूल मागे तयार होत असतं, त्याला काही मिनिटं लागतात. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ या आज्ञेने आवृत्तीचा आकडा दिला (इथे एफ मोठा) की मगच रीबूट करा.

सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. त्यात ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण हा पडदा काय आहे हे न कळून एंटर मारून पुढे जातात. मग सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो आणि सगळं बसवूनही कार्ड मिळत नाही. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ने कार्डाचा तक्ता दाखवला नाही, तर ‘मॉकयूटिल --एसबी-स्टेट’ पाहा. सिक्युअर बूट चालू दिसला तर कारण जवळपास नक्की हेच.

कोणती प्रत घ्यावी

गोडॉट चार वाटांनी मिळतो: अधिकृत झिप, फ्लॅटपॅक, स्टीम आणि वितरणाचं (उबुंटू, फेडोरा वगैरेंचं) स्वतःचं पॅकेज. आमचा स्पष्ट कल अधिकृत झिपकडे आहे. ती ठरावीक जुन्या टूलचेनवर (कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनांवर) बांधलेली असल्याने जुन्या-नव्या बहुतेक वितरणांवर तशीच चालते, शेजारी शेजारी अनेक आवृत्त्या ठेवता येतात आणि मध्ये कुठलंही कुंपण नसतं.

वितरणाच्या पॅकेजमध्ये आवृत्ती नीट बघा. उबुंटू 22.04 आणि 24.04 च्या भांडारात गोडॉट3 नावाचं पॅकेज आहे, ती जुनी मालिका. आज उतरवलेला नमुना प्रोजेक्ट त्यात उघडणार नाही. आर्च आणि फेडोरावर मात्र 4 मालिका मिळते. फ्लॅटपॅक टूडी आणि जीडीस्क्रिप्ट या गोडॉटच्या स्वतःच्या भाषेपुरता चांगला आहे. पण तो बाहेरचा ब्लेंडर, बाहेरचं डॉटनेट आणि बाहेरचा कोड एडिटर सहज पाहू शकत नाही. या तिन्हींपैकी काही लागणार असेल तर फ्लॅटपॅक टाळा.

संकेतस्थळावर दोन प्रती दिसतात, साधी आणि डॉटनेटची. सी शार्प लिहायची नसेल तर साधीच घ्या.

बसवण्याची कृती

होम फोल्डरात जागा करा. पुढच्या उदाहरणात आवृत्तीच्या आकड्याच्या जागी तुमचा आकडा घाला.

एमकेडीआयआर -पी ~/गोडॉट

सीडी ~/गोडॉट

अनझिप ~/डाउनलोड्स/गोडॉट_व्ही4.4-स्टेबल_लिनक्स.एक्स86_64.झिप

उतरवलेल्या फाइलच्या नावातला पहिला जी मोठा असतो आणि डाउनलोड्समधला डीही. लिनक्सला मोठं-लहान अक्षर वेगळं, तेव्हा पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं नाव शेल भरेल. जाळं खात्रीचं नसेल तर प्रकाशनासोबतची एसएचए512-सम्स ही टेक्स्ट फाइल (तिच्या नावातली पहिली अक्षरं मोठी आहेत, तिथेही टॅब वापरा) झिपच्या फोल्डरात उतरवून तिथूनच ‘एसएचए512सम -सी --इग्नोर-मिसिंग’ पुढे तिचं नाव द्या. ओके आलं की फाइल अखंड आहे.

मग चालवण्याची परवानगी आणि पहिली सुरुवात:

सीएचमॉड +एक्स गोडॉट_व्ही4.4-स्टेबल_लिनक्स.एक्स86_64

./गोडॉट_व्ही4.4-स्टेबल_लिनक्स.एक्स86_64 --व्हर्बोज

दर वेळी एवढं लांब नाव नको असेल तर दुवा करा:

एमकेडीआयआर -पी ~/.लोकल/बिन

एलएन -एस ~/गोडॉट/गोडॉट_व्ही4.4-स्टेबल_लिनक्स.एक्स86_64 ~/.लोकल/बिन/गोडॉट

यानंतर नुसतं ‘गोडॉट’ म्हटल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर घाबरू नका. उबुंटूत ~/.लोकल/बिन हे फोल्डर लॉगिनच्या वेळी अस्तित्वात असेल तरच शोधमार्गात जातं. आत्ताच केलेलं असल्याने एकदा लॉगआउट होऊन परत या.

मेनूत चिन्ह हवं असेल तर ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये गोडॉट.डेस्कटॉप नावाची टेक्स्ट फाइल करा. पहिली ओळ चौकोनी कंसात डेस्कटॉप एंट्री, मग टाइप, नेम, एक्झेक, आयकॉन आणि टर्मिनल या पाच नोंदी (सगळ्या शब्दांचं पहिलं अक्षर मोठं). एक्झेकमध्ये पूर्ण मार्ग लिहा. होमचं लघुचिन्ह ~ तिथे चालत नाही आणि चिन्हावर क्लिक करून काहीच न होण्याचं ते सर्वांत साधं कारण आहे.

नवी आवृत्ती आली की जुनी फाइल पुसू नका. नव्या गोडॉटमध्ये उघडलेला प्रोजेक्ट नव्या साच्यात बदलतो आणि परतीची वाट नीट नसते. आधी गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट, मग नव्यात उघडणं, हा क्रम मोडू नये. एखादी आवृत्ती पूर्ण वेगळी चाचपून पाहायची असेल तर तिला स्वतंत्र फोल्डरात ठेवा आणि शेजारी ._एससी_ नावाची रिकामी फाइल करा. मग तिच्या सेटिंग तिथेच राहतात, तुमच्या मुख्य सेटिंगना हात लागत नाही.

पहिल्या ओळीत काय असतं

एडिटर सुरू होताच टर्मिनलमध्ये गोडॉटची आवृत्ती येते आणि लगेच रेंडररची ओळ. तिचा घाट असा असतो: व्हल्कन 1.3 आणि पुढचा आकडा, मग फॉरवर्ड प्लस (व्हल्कनवर चित्र काढण्याची गोडॉटची पद्धत), मग युजिंग डिव्हाइस क्रमांक 0 आणि कार्डाचं नाव. या एका ओळीत तीन प्रश्नांची उत्तरं आहेत: कोणतं तंत्र, कोणती पद्धत, कोणतं कार्ड.

तिथे ओपनजीएल आणि कम्पॅटिबिलिटी दिसलं आणि तुम्ही प्रोजेक्टमध्ये फॉरवर्ड प्लस निवडलं असेल, तर व्हल्कन सुरू न झाल्याने इंजिनाने स्वतःच माघार घेतली आहे. नव्या आवृत्त्या हे गुपचूप करतात, म्हणून ‘माझ्या प्रोजेक्टमधला धूर, प्रकाश दिसत नाही’ असं वाटलं की आधी ही ओळ बघा. कार्डाच्या जागी एलएलव्हीएमपाइप असेल तर ‘उतरवण्याआधी मशीन ओळखा’ या भागाकडे वळा.

सुरूच होत नाही

‘परमिशन डिनाइड’ आलं तर एकतर सीएचमॉड राहिलं आहे, किंवा फाइल अशा ड्राइव्हवर आहे जिथून काही चालवायलाच मनाई आहे. पेन ड्राइव्ह, विंडोजशी सामायिक एनटीएफएस किंवा एक्सफॅट विभाग इथे हमखास सापडतात. या फाइल प्रणालींत लिनक्सची चालवण्याची खूण साठतच नाही, ती माउंट करतानाच्या पर्यायांवर ठरते. ‘माउंट’ च्या उत्तरात त्या ड्राइव्हपुढे नोएक्झेक दिसेल. गोडॉट होम फोल्डरात हलवा, प्रश्न संपला.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची प्रत उतरवली आहे.

‘कान्ट लोड एक्सकर्सर डायनॅमिकली’ किंवा तशाच घाटाची ओळ आली तर एक्स11 ची (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीची) लायब्ररी नाही. गोडॉट या लायब्ररी चालू होताना शोधतो, त्यामुळे एलडीडीने (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणाऱ्या आज्ञेने) तपासून काही कमी दिसत नाही आणि माणूस गोंधळतो. नेहमीच्या डेस्कटॉपवर हे घडत नाही. किमान बसवलेल्या आर्चवर किंवा निव्वळ वेलँडच्या (एक्स11 ची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीच्या) मांडणीवर घडतं. लिबएक्सकर्सर, लिबएक्सइनरामा, लिबएक्सआय आणि लिबएक्सरँडआर ही चार बसवा, ती ओळ जाते.

‘युवर व्हिडिओ कार्ड ड्रायव्हर्स सीम नॉट टू सपोर्ट द रिक्वायर्ड व्हल्कन व्हर्जन’ ही चौकट आली तर तात्पुरती वाट अशी:

गोडॉट --रेंडरिंग-ड्रायव्हर ओपनजीएल3

प्रोजेक्ट मॅनेजर उघडतो, मग प्रोजेक्ट कम्पॅटिबिलिटीवर नेता येतो. पण सक्षम कार्डावर हीच चौकट आली तर तिथेच थांबू नका. नुकतंच कर्नल बदललं आहे आणि एनव्हिडियाचं मॉड्यूल त्यासाठी बांधलं गेलेलं नाही, अशी शक्यता मोठी असते.

दोन कार्डांचे लॅपटॉप

इंटेल किंवा एएमडीचं एकात्म ग्राफिक्स आणि जोडीला एनव्हिडिया, अशा लॅपटॉपवर रेंडररची ओळ कधी कधी कमी ताकदीचं कार्ड दाखवते. व्हल्कनमध्ये सोपा मार्ग --जीपीयू-इंडेक्स 1. कोणता क्रमांक कोणाचा हे व्हल्कनइन्फोच्या सारांशात दिसतं. मेनूतल्या चिन्हासाठी डेस्कटॉप फाइलमध्ये प्रिफर्सनॉनडिफॉल्टजीपीयू=ट्रू ही नोंद घाला (नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, जीपीयू तिन्ही मोठी, ट्रू मात्र लहान), ग्नोम आणि केडीई ती मानतात. ओपनजीएलवर मेसाच्या कार्डांसाठी आज्ञेच्या आधी डीआरआय_प्राइम=1 लिहायचं, अक्षरं सगळी मोठी.

बॅटरीवर काम करताना मात्र एकात्म कार्डच बरं. टूडी एडिटरसाठी मोठं कार्ड जागं ठेवून उपयोग नाही.

वेलँड, धूसर अक्षरं आणि लुकलुक

गोडॉट लिनक्सवर पूर्वापार एक्स11 चा प्रोग्रॅम आहे. वेलँड डेस्कटॉपवर तो एक्सवेलँड या दुभाष्यामार्फत चालतो. 4.3 पासून स्वतःचा वेलँड आधार आला, पण प्रायोगिक म्हणून, मुद्दाम मागावा लागतो:

गोडॉट --डिस्प्ले-ड्रायव्हर वेलँड

पडदा 125 किंवा 150 टक्क्यांवर ताणलेला असेल तर एक्सवेलँडमध्ये अक्षरं धूसर दिसतात. वेलँडवर नेल्यावर ती बहुधा सुधारतात. नेता येत नसेल तर एडिटर सेटिंग्जमध्ये इंटरफेस, एडिटर याखालचं डिस्प्ले स्केल हाताने ठरवा.

एनव्हिडियावर एक्सवेलँडमधली खिडकी लुकलुकत असेल, जुनी चौकट मध्येच चमकून जात असेल, तर ड्रायव्हरची आवृत्ती पाहा. 2024 मधल्या 555 मालिकेपासून एक्सप्लिसिट सिंक आलं आणि हा दोष गेला. त्याआधीच्या ड्रायव्हरवर एक्स11 सत्रात लॉगिन करणं हाच शहाणपणा.

आय3, स्वे, हायपरलँड हे टाइलिंग (खिडक्या शेजारी शेजारी बसवणारे) व्यवस्थापक वापरणाऱ्यांना वेगळा ताप होतो. गोडॉट 4 मध्ये प्रत्येक छोटा मेनू स्वतंत्र खिडकी असतो आणि टाइलिंग व्यवस्थापक त्याला पडद्याचा अर्धा भाग देऊन मोकळा होतो. एडिटर सेटिंग्जमधलं सिंगल विंडो मोड चालू करा.

प्रोजेक्ट उघडताच कोसळतो

प्रोजेक्ट मॅनेजर नीट चालतो आणि एकच प्रोजेक्ट उघडताना एडिटर मरतो, तर संशयाचा क्रम ठरलेला आहे. आधी कॅश. प्रोजेक्टच्या फोल्डरात बिंदूने सुरू होणारं .गोडॉट हे लपलेलं फोल्डर असतं, त्यात आयात केलेली चित्रं आणि शेडरची कॅश साठते. एडिटर बंद करून ते निःशंकपणे पुसा, पुढच्या वेळी नव्याने तयार होतं. .इम्पोर्ट शेपटीच्या फाइलींना मात्र हात लावू नका. तुम्ही ठरवलेली आयातीची सेटिंग त्यांच्यात असतात आणि त्या गिटमध्येही जायला हव्यात.

त्याने भागलं नाही तर ॲडऑन. 4.4 पासून --रिकव्हरी-मोड आहे: त्यात ॲडऑन आणि टूल स्क्रिप्ट बंद ठेवून प्रोजेक्ट उघडतो. जुन्या आवृत्तीत प्रोजेक्ट.गोडॉट फाइल टेक्स्ट एडिटरने उघडून एडिटर_प्लगिन्स हा भाग रिकामा करा.

तिसरा संशय मेमरी. 4के आकाराच्या शेकडो चित्रांचा संच एकदम टाकला की आयात अनेक धाग्यांवर एकाच वेळी चालते, 8 जीबीचं मशीन तुडुंब भरतं आणि कर्नल एडिटरला मारून टाकतो. टर्मिनलमध्ये तेव्हा फक्त ‘किल्ड’ एवढंच येतं. ‘जर्नलसीटीएल -के’ च्या शेवटच्या ओळींत ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं की निदान पक्कं. चित्रं थोडी थोडी टाका, स्वॅप वाढवा, किंवा प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आयातीसाठीचं यूज मल्टिपल थ्रेड्स बंद करा.

तरीही कोसळत असेल तर ‘कोअरडम्पसीटीएल इन्फो’ ने कोणत्या लायब्ररीत मेला ते दिसतं. वरच्या नावांत कार्डाच्या ड्रायव्हरची लायब्ररी असेल तर गोडॉटकडे नव्हे, ड्रायव्हरकडे तक्रार न्यायची. इंजिनाचा दोष वाटला तर हेल्प मेनूतली कॉपी सिस्टम इन्फो ही नोंद आणि --व्हर्बोजचा पूर्ण मजकूर सोबत जोडा. या दोन गोष्टींशिवाय केलेल्या तक्रारीवर कोणालाही काही करता येत नाही. चालत्या गेमचे लॉग ~/.लोकल/शेअर/गोडॉट/ॲप_यूजरडेटा मध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरात असतात. शेवटचे पाच ठेवले जातात.

आवाजाचं थोडक्यात: पाइपवायरवर (लिनक्सची आवाज सांभाळणारी सेवा) आवाज नसेल तर पाइपवायर-पल्स हे पॅकेज बसलेलं आहे का बघा. गोडॉट पल्सऑडिओच्या बोलीत बोलतो आणि ती बोली हे पॅकेज पुरवतं.

सी शार्प आणि ब्लेंडर

डॉटनेटची प्रत उघडली की गोडॉटशार्प हे फोल्डर सोबत येतं. एकटी फाइल दुसरीकडे हलवली की एडिटर अडतो, दोन्ही जोडीने ठेवा. डॉटनेट एसडीके 8 बसवा, ‘डॉटनेट --लिस्ट-एसडीकेज’ ने तपासा. उबुंटूत मायक्रोसॉफ्टचं भांडार आणि उबुंटूचं भांडार दोन्हीकडून डॉटनेटचे तुकडे आले की ‘होस्ट एफएक्सआर डझ नॉट एक्झिस्ट’ ही ओळ येते. एक यूएसआर/शेअर/डॉटनेट मध्ये शोधतो, दुसऱ्याचा माल यूएसआर/लिब/डॉटनेट मध्ये असतो. दोन्हीकडची सगळी पॅकेजं काढा आणि एकाच भांडारातून पुन्हा बसवा. गेम ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर सी शार्प निवडण्याआधी लक्षात घ्या, 4 मालिकेत सी शार्पचा वेबसाठी एक्सपोर्ट मिळत नाही.

.ब्लेंड फाइल थेट आयात करायला ब्लेंडर 3.0 किंवा पुढचा लागतो आणि एडिटर सेटिंग्जमध्ये त्याचा मार्ग द्यावा लागतो. फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधला ब्लेंडर इथे दगा देतो. अधिकृत टारमधला ब्लेंडर होम फोल्डरात उघडून त्याचा मार्ग द्या.

एक्सपोर्ट

एडिटर मेनूतल्या मॅनेज एक्सपोर्ट टेम्पलेट्समधून साचे उतरतात, जवळपास एक जीबी. जाळं मध्ये तुटत असेल तर .टीपीझेड फाइल वेगळी उतरवून इन्स्टॉल फ्रॉम फाइल वापरा. साच्याची आवृत्ती एडिटरशी तंतोतंत जुळली पाहिजे. 4.4 ला 4.4.1 चे साचे चालत नाहीत आणि डॉटनेट प्रतीचे साचे वेगळे असतात.

विंडोजवर बनवलेला प्रोजेक्ट लिनक्सवर आणल्यावर निम्मी चित्रं गायब झाली, तर अक्षरांचा आकार बघा. कोडमध्ये लहान पीने प्लेअर लिहिलं आहे आणि फाइल मोठ्या पीने आहे, हे विंडोज खपवून घेतं, लिनक्स घेत नाही. एक्सपोर्ट केलेल्या पीसीकेमध्येही (गेमची सगळी सामग्री बांधलेली फाइल) हा भेद सगळीकडे पाळला जातो. म्हणून लिनक्सवर आधीच ही चूक सापडणं हा फायदाच. सगळी नावं लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर, असा नियम ठेवा.

अँड्रॉइडसाठी ओपनजेडीके 17 आणि अँड्रॉइड एसडीके यांचे मार्ग एडिटर सेटिंग्जमध्ये द्या. फोन जोडून ‘एडीबी डिव्हायसेस’ मध्ये ‘नो परमिशन्स’ आलं तर यूडेव्हचे (जोडलेल्या उपकरणांना परवानगी देणारे) नियम नाहीत. उबुंटू आणि डेबियनवर अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन हे पॅकेज बसवा, स्वतःला प्लगडेव्ह गटात घाला, केबल काढून परत लावा. ‘अनऑथराइज्ड’ आलं तर अडचण लिनक्सवर नाही, फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट वाट बघते आहे.

गेममध्ये मराठी

गोडॉट 3 मध्ये जोडाक्षरं मोडायची, वेलांटी चुकीच्या जागी पडायची, कारण त्याला गुंतागुंतीच्या लिप्यांची मांडणी येत नव्हती. 4 मालिकेत ही मांडणी करणारं हार्फबझ आलं आणि देवनागरी नीट बसू लागली. मराठी गेम करणाऱ्यांनी 3 मधून बाहेर पडायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

पण एक सापळा आहे. तुमच्या लिनक्सवर मराठी मजकूर काहीही न करता दिसतो, कारण गोडॉट फॉण्टकॉन्फिगला विचारून सिस्टममधला देवनागरी फॉण्ट उसना घेतो. वेब एक्सपोर्टमध्ये ही सोय नाही, तिथे चौकोन दिसतात. दुसऱ्याच्या मशीनवर भलताच फॉण्टही येऊ शकतो. म्हणून फॉण्ट प्रोजेक्टमध्येच ठेवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉण्ट, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि गेमसोबत वाटता येतात. आयात पॅनलमध्ये अलाउ सिस्टम फॉलबॅक बंद करून गेम चालवा. एखादं अक्षर फॉण्टमध्ये नसेल तर ते तुमच्याच मशीनवर लगेच दिसेल.

लेबलच्या गुणधर्मांत लँग्वेज नावाची जागा असते, तिथे मराठीचा संकेत एम आर ही दोन लहान अक्षरं भरा. ज्या फॉण्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तो मग हिंदी वळण सोडून आपलं वळण दाखवतो. र्‍ह, र्‍य यांतला अर्धा र तपासायला ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द एका लेबलमध्ये टाकून बघा. ते नीट आले आणि ‘शाळा’ मधला श आपल्या वळणाचा दिसला, की फॉण्ट पक्का करा.